नोकरीसाठी कोणते शहर? पगाराबरोबर तब्येतीचाही हिशेब करा

निकाल लागले, आयटीआय किंवा डिप्लोमा हातात आला, की वस्तीतल्या घराघरात एकच चर्चा सुरू होते. पोराला पुण्याला पाठवायचे की मुंबईला? पोरीला नागपूरलाच ठेवायचे की औरंगाबादेत मावशीकडे? बाबासाहेबांनी गाव सोडा, शहर गाठा असे सांगितले, आणि आपल्या दोन-तीन पिढ्या त्याच वाटेने पुढे आल्या. शहरात जावे की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. कोणत्या शहरात जावे हा प्रश्न मात्र आपण फार घाईत सोडवतो. पगाराचा आकडा ऐकतो, ओळखीचा एक फोन करतो आणि बॅग भरतो.

आरोग्याच्या कामात आम्हाला या घाईची दुसरी बाजू दिसते. वर्षभरात मुलगा आठ किलो उतरून परत येतो. मुलीचे हिमोग्लोबिन घसरलेले असते. कोणाला क्षयरोग निघतो, कोणाला झोपच येत नाही. यातले बरेचसे टाळता येण्यासारखे असते. एकटे राहणाऱ्या तरुणाला आजारपणात चहा करून देणारेही घरात कोणी नसते, म्हणून शहर ठरवण्याआधी खालच्या गोष्टी घरात बसून, सगळ्यांनी मिळून तपासाव्यात.

आधी स्वतःचे शरीर ओळखा

सगळ्यांना एकच शहर मानवत नाही. दमा, फिट्स, मधुमेह, थायरॉइड, सिकलसेल, चालू असलेले क्षयरोगाचे औषध, यांपैकी काही असेल तर पहिला प्रश्न हा, की तिथे माझे औषध कुठे मिळेल आणि रात्री दोन वाजता त्रास झाला तर मी कुठे जाईन?

सिकलसेलबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण विदर्भातल्या आपल्या समाजात हा आजार बराच आढळतो. ज्यांनी तपासणी केली नसेल त्यांनी जाण्याआधी ती सरकारी दवाखान्यात करून घ्यावी. अहवालात वाहक लिहिले असेल तर ती व्यक्ती सहसा निरोगी असते. तिने नोकरी किंवा शहर सोडायचे कारण नाही, फक्त लग्नाच्या वेळी जोडीदाराची तपासणी करावी. रुग्ण असेल तर मात्र निवड जपून करावी लागते. शरीरातले पाणी कमी होणे, कडक थंडी, अतिश्रम आणि ताप यांमुळे हाडांत, छातीत असह्य वेदना सुरू होतात. म्हणून भट्टीजवळचे काम, शीतगृहातले काम, थंडीतली उघड्यावरची रात्रपाळी, पाणी प्यायला सुट्टी न देणारी जागा हे टाळावे, मग शहर कोणतेही असो. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पुणे-नाशिकला हिवाळ्याच्या रात्री बोचऱ्या असतात. दोन्हीकडे राहता येते, पण कामाचे स्वरूप पाहून. हायड्रॉक्सीयुरिया नव्या शहरातल्या कोणत्या सरकारी रुग्णालयात मिळते हे आधी विचारा, फाइल सोबत ठेवा, महिनाभराच्या गोळ्या घेऊनच निघा. सिकलसेल रुग्णाला सरकारी रक्तपेढीत रक्त मोफत मिळते. ताप आला किंवा छातीत दुखले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे, हे खोलीतल्या जोडीदारालाही सांगून ठेवा.

क्षयरोगाचा उपचार चालू असेल तर शहर बदलले म्हणून गोळी चुकवू नका. निक्षय क्रमांक सोबत ठेवा. जिथून औषध घेता तिथे सांगून नव्या पत्त्याजवळच्या केंद्रात नाव वर्ग करून घ्या. औषध देशभर मोफत आहे, आणि पोषण आहारासाठी दरमहा 1,000 रुपये खात्यात जमा होतात. 1 नोव्हेंबर 2024 आधी ही रक्कम 500 होती.

पगार पाहू नका, शिल्लक पाहा

समजा, एका मुलाला पुण्यात हातात 18,000 आणि औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, 14,000 मिळणार आहेत. कोणीही म्हणेल, पुणे. आता कागदावर मांडा. पुण्यात कॉट बेसिसवर जागा 5,000, मेस 3,500, बसभाडे 1,500, मोबाइल-साबण-किरकोळ 1,500. एकूण 11,500. उरले 6,500. औरंगाबादेत वाळूजजवळ वाट्याने खोली 3,000, जेवण 3,000, प्रवास 600, किरकोळ 1,200. एकूण 7,800. उरले 6,200. चार हजारांचा फरक तीनशे रुपयांवर आला. आकडे तुमच्याकडे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत हीच ठेवा. त्यात रोजच्या प्रवासाचे तासही लिहा. जाऊन-येऊन चार तास बसमध्ये गेले तर झोप सहा तासांच्या खाली येते. अशी झोप महिनोन्महिने चालली की माणूस चिडचिडा होतो, जेवण टाळतो, वारंवार आजारी पडतो.

याचा अर्थ लहान शहरच बरे असा नाही. पुण्या-मुंबईत पुढच्या संधी जास्त असतात, पुढचे शिक्षणही मिळते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्याला पुण्यातल्या बार्टीच्या योजनांचा उपयोग होतो. जायचे असेल तर डोळे उघडे ठेवून जा, एवढेच आमचे म्हणणे.

शिकायला जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांसाठी वर्षाला 60,000, इतर महापालिका शहरांसाठी 51,000 आणि जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000 रुपये असा तिचा दर ठरलेला आहे. शहर जसे महाग तशी रक्कम जास्त. अर्जाची मुदत आणि अटी समाजकल्याण कार्यालयात प्रवेशाच्या वेळीच विचाराव्यात.

आजारी पडलो तर?

नोकरी देणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न, ईएसआय कापता का? महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ही विमा योजना लागू होते. पगारातून फक्त पाऊण टक्का जातो. म्हणजे 18,000 वर 135 रुपये. मालक सव्वातीन टक्के भरतो. त्या बदल्यात दवाखाना, भरती, औषधे मिळतात, अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही मिळतात. आजारपणात कामावर जाता आले नाही तर, ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असल्यास, वर्षात 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. ठेकेदाराकडे काम असले तरी हा हक्क जात नाही. विमा क्रमांक मागून घ्या आणि ईएसआयचे रुग्णालय खोलीपासून किती लांब आहे ते पाहा. चिंचवडला मोहननगरमध्ये, नाशिकला सातपूरमध्ये, नागपूरला सोमवारीपेठेत अशी रुग्णालये आहेत. आम्ही तर म्हणतो, हजार रुपये कमी देणारा पण ईएसआय कापणारा मालक बरा.

ईएसआय नसेल तर सरकारी व्यवस्था ओळखून ठेवा. मुंबईत जेजे आणि महापालिकेची केईएम, सायन, नायर. पुण्यात ससून, पिंपरीत वायसीएम. नागपुरात मेडिकल, मेयो आणि एम्स. औरंगाबादेत घाटी. ही मोठी रुग्णालये अडचणीला आहेत. साध्या तापखोकल्याला वॉर्डातला महापालिकेचा दवाखाना किंवा आपला दवाखाना पुरतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे जिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय इथे, 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ते भरती होऊन घ्यायच्या ठरलेल्या उपचारांसाठी. बाहेरून घेतलेल्या गोळ्यांचे पैसे त्यातून मिळत नाहीत. राज्याबाहेर, सुरतला किंवा हैदराबादला जाणार असाल तर आयुष्मान कार्ड काढूनच निघा.

खोली पाहताना नर्सच्या नजरेने पाहा

शहर चांगले असले तरी शेवटी जगायचे असते दहा बाय दहाच्या खोलीत. त्यामुळे खोली पाहिल्याशिवाय शहर ठरवू नये.

हवा. खिडकी उघडते का, आणि उघडली तर समोर भिंत आहे की मोकळी जागा? क्षयरोग कोंदट खोलीत हवेतून पसरतो. एका खोलीत आठ कॉट आणि खिडकी बंद, अशी जागा स्वस्त असली तरी घेऊ नका. कोणी दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकत असेल तर त्याला टोमणे न मारता थुंकी तपासायला घेऊन जा.

पाणी. नळ किती दिवसांनी येतो, टँकर कुठून येतो, टाकी कधी धुतली, हे मालकाला नाही तर शेजाऱ्याला विचारा. 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात गुलेन-बारे आजाराची साथ आली, तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट गेले. नवी बांधकामे चकचकीत दिसतात, पाणी मात्र टँकरचे असते. प्यायचे पाणी उकळूनच घ्या. औरंगाबादेत नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, त्यामुळे साठवण करावी लागते. साठवणीची भांडी झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा कोरडी करा, नाहीतर डेंग्यूचे डास घरातच वाढतात. मुंबईत पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालावे लागले आणि पायाला जखम असेल तर लेप्टोची भीती असते. चालून आल्यावर डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक गोळी घ्या.

संडास. हे विचारायला मुली लाजतात, आणि मग त्रास सोसतात. किती माणसांत एक आहे, आत कडी व दिवा आहे का, रात्री बाहेर जावे लागते का? संडासला जावे लागू नये म्हणून पाणी कमी पिणाऱ्या मुलींना लघवीची जळजळ, वारंवार संसर्ग होतो. कामाच्या ठिकाणीही हाच प्रश्न विचारा.

वाट. रात्रपाळी संपल्यावर स्टॉपपासून खोलीपर्यंतचा रस्ता एकदा रात्री चालून पाहा. महिलांसाठी 181 आणि तातडीसाठी 112 हे क्रमांक फोनमध्ये ठेवा. नोकरदार महिला वसतिगृहाची चौकशी खोली शोधण्याआधी करा.

आडनाव विचारले तर

1917 साली बडोद्यात नोकरीला गेलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव लावून ते एका धर्मशाळेत राहिले, आणि काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तिथून बाहेर काढले. परदेशात शिकून आलेल्या माणसाची ही गत झाली. आज काठी दिसत नाही. आडनाव ऐकल्यावर खोली आत्ताच गेली असे सांगतात. मग काही मुले आडनाव लपवतात, भिंतीवर फोटो लावत नाहीत, जयंतीला सुट्टी मागत नाहीत. रोज काहीतरी लपवून राहण्याचा ताण शरीरावर येतो. छाती धडधडते, पोट बिघडते, झोप उडते. ही भित्रेपणाची लक्षणे नाहीत. सततच्या दबावाला शरीर असेच उत्तर देते.

म्हणून शहर निवडताना आपली माणसे कुठे आहेत हेही पाहा. जवळ विहार आहे का, कॉलेजचे जुने विद्यार्थी आहेत का, गावाकडचे कोणी आहे का? एकच वस्ती धरून बसावे असे नाही, पण ताप आला तर दार ठोठावता येईल असे एक तरी घर असावे. पहिले तीन-चार महिने एकटेपणा वाटतोच. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास राहिले, कशात रस वाटेना, जगू नये असे विचार येऊ लागले, तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि दिवसरात्र चालतो. घरच्यांनीही फोनवर फक्त पैसे पाठवलेस का असे विचारू नये. जेवलास का, झोप होते का, हे आधी विचारा.

निघण्याआधी

शक्य असेल तर आठ दिवस राहून पाहा. कामाच्या वेळेला कामाच्या बसने जा, त्याच मेसमध्ये जेवा. मेसच्या ताटात डाळ नुसती पिवळे पाणी असेल तर अंडी, फुटाणे, शेंगदाणे स्वतः आणावे लागतील, तो खर्च हिशेबात धरा.

कागदांत आधार, जातीचा दाखला, रेशन कार्डाची प्रत, आयुष्मान कार्ड, जुने अहवाल आणि रक्तगट यांची एक पिशवी करा. आधार रेशन कार्डाला जोडलेले असेल तर आपल्या वाट्याचे धान्य नव्या शहरातल्या दुकानातही अंगठा लावून घेता येते, घरचे उरलेले धान्य गावी उचलू शकतात. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो, तेही मोफत. खोलीचा भाडेकरार लेखी करा. डिपॉझिटची पावती घ्या.

आणि घरात एक गोष्ट आधीच बोलून ठेवा. सहा महिन्यांत ते शहर मानवले नाही, वजन उतरत राहिले, खोकला थांबेना, मन लागेना, तर परत येण्यात किंवा दुसरे शहर धरण्यात कमीपणा नाही. मुलाला हे माहीत असेल तर तो दुखणे लपवणार नाही, वेळेवर सांगेल. वेळेवर सांगितले तर बहुतेक दुखण्यांवर इलाज होतो.

जय भीम.