सेंट मार्टिन: एक बेट, दोन सरकारं आणि मध्ये १५ वर्षं

कॅरिबियन समुद्रातलं सेंट मार्टिन जेमतेम ८७ चौरस किलोमीटरचं. उत्तरेचा भाग फ्रान्सकडे, दक्षिणेचा नेदरलँड्सकडे. एवढ्याशा जमिनीचे दोन तुकडे का झाले, हे समजायला आधी मिठाकडे बघावं लागतं.

डचांना मासे खारवायला मीठ लागायचं आणि या बेटावर मिठाची मोठी तळी होती. १६३१ मध्ये ते इथे उतरले, पण दोनच वर्षांत स्पेनने त्यांना हुसकावलं. १६४८ मध्ये स्पेनने बेट सोडलं तेव्हा डच आणि फ्रेंच, दोघांनीही हक्क सांगितला. शेवटी २३ मार्च १६४८ रोजी वाटणीचा करार झाला. एक फ्रेंच आणि एक डच माणूस उलट दिशांनी चालत निघाले, जिथे भेटले तिथे सीमा ठरली, असं पर्यटकांना सांगतात, ती दंतकथा. करारातली सवलत जास्त महत्त्वाची: मीठ, मासेमारी आणि शिकार दोन्हीकडच्यांना खुली.

म्हणजे सीमा होती, पण अडवत नव्हती. पुढे हीच गोष्ट मळेवाल्यांना महागात पडली.

उसाच्या मळ्यांवर आणि मिठागरांत राबायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. १८४८ मध्ये फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली. डच कायदा मात्र जागचा हलला नाही. त्याच वर्षी डच बाजूच्या डायमंड मळ्यावरचे २६ गुलाम पलीकडे निघून गेले. स्वातंत्र्य चालत जाण्याच्या अंतरावर असताना माणसं धरून ठेवणार कशी? मालकांची पंचाईत झाली आणि गुलामांना व्यवहारात मोकळं मानणं भाग पडलं. कागदावर ते १ जुलै १८६३ पर्यंत, म्हणजे आणखी १५ वर्षं, गुलामच राहिले. त्यानंतर सरकारने नुकसानभरपाई दिली, तीही मालकांना. ज्यांनी घाम गाळला, त्यांच्या हाती छदामही नाही.

आज दोन्ही बाजूंना रोजची बोली इंग्रजीच. फ्रेंच भागात युरो चालतो, तो युरोपीय संघातही आहे. डच भाग संघाबाहेर. २०१० पासून तो नेदरलँड्सच्या राजसत्तेखालचा स्वायत्त देश. ये-जा करायला रोजची तपासणी नाही.

तरीही ऑयस्टर पाँड या खाडीतून रेषा नेमकी कुठून जाते, यावर वाद रेंगाळलाच. सीमा नीट आखून घेण्याच्या करारावर फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या सह्या झाल्या २६ मे २०२३ रोजी, वाटणीनंतर तब्बल ३७५ वर्षांनी.