प्रदान-मांडणी, संगणकीय

संगणकाने काढलेले उत्तर अक्षरांत व आकड्यांत कसे छापावयाचे, हे ठरविणारी संगणक-भाषेतील तरतूद. फोर्ट्रान (१९५७) या भाषेत ती ‘फॉरमॅट’ विधानाने, तर सी भाषेत ‘प्रिंटएफ’ या फलनाने साधतात. संख्या नेमलेल्या रकान्यात मावली नाही, तर फोर्ट्रान तेथे तारांकने छापते; चुकीच्या आकड्यापेक्षा ते बरे.

मांडणीचे महत्त्व सातबारा उताऱ्यावरून कळते. राज्यात इतरत्र होते त्याप्रमाणे जालना जिल्ह्यातही जमिनीचे क्षेत्र हेक्टर व आर यांत नोंदवितात (१ हेक्टर = १०० आर). हे दोन आकडे स्वतंत्रपणे छापताना आराचा रकाना दोन अंकी ठेवून रिकामी जागा शून्याने भरण्याची सूचना दिली नाही, तर २ हेक्टर ५ आर हे २.०५ ऐवजी २.५ असे छापले जाते व वाचणारा ते २ हेक्टर ५० आर समजतो. संगणकाच्या स्मृतीतील संख्या मात्र अचूकच असते. सी भाषेत याकरिता रुंदीच्या अंकापूर्वी शून्य लिहितात.

जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या भारतीय रीतीने १९,५९,०४६, तर पाश्चात्त्य रीतीने १,९५९,०४६ अशी लिहिली जाते. जावा भाषेतील ‘डेसिमलफॉरमॅट’ सर्व गट एकाच आकाराचे पाडत असल्याने पहिली रीत तीत साधत नाही.