आजीला जमला तोच रिमोट!

*जुना कम्प्युटर टीव्हीला जोडून घरात थिएटर उभं करणं अर्ध्या दिवसाचं काम. पण तुम्ही हॉस्टेलवर परतल्यावर ते घरच्यांना लावता येतं का?*

रविवारी संध्याकाळी परभणीत रूमवर पोचलो, बॅग खाली टाकली आणि फोन वाजला. सेलूहून आजी.

‘बाळा, टीव्ही लागंना गेला की रे.’

‘आजी, तिथं माऊस ठेवलाय बघ, पांढरा. तो हलव. बाण दिसतोय का?’

‘कशाचा बाण?’

पंधरा-वीस मिनिटं मी फोनवर ओरडत होतो आणि तिकडं आजी माऊस हवेत धरून टीव्हीकडं रोखत होती. हे मला नंतर कळलं. रिमोट जसा धरतात तसाच तिनं तो धरला होता. शेवटी ‘राहू दे, तू जेवून घे’ म्हणाली आणि फोन ठेवला. आई-बाबा लग्नाला गेले होते. रात्री ते परतले तेव्हा ती बंद टीव्हीसमोर वाती वळत बसली होती.

हा उद्योग माझाच. गेल्या वर्षी दिवाळीच्या आसपास काकांच्या दुकानातला कम्प्युटर रिकामा झाला. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट थांबवला, त्या मशीनवर विंडोज ११ चढत नव्हतं, म्हणून काकांनी नवा घेतला. भंगारात जाणारा जुना डबा मी उचलून आणला. त्यावर लिनक्स टाकलं, कोडी टाकलं, एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडलं. हार्ड डिस्कवर गावच्या हरिनाम सप्ताहाची कीर्तनं, ताईच्या लग्नाचा व्हिडिओ, बाबांची पेन ड्राइव्हवरची जुनी गाणी, असं सगळं भरलं. डीटीएचचा रिचार्ज बंद केला. महिन्याचे पैसे वाचले म्हणून बाबा खूश. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणत मी कॉलर ताठ करून परतीच्या गाडीत बसलो. घरच्यांसाठी मागं काय ठेवलं, तर एक वायरलेस कीबोर्ड आणि एक माऊस.

थोडक्यात, मी घरातला टीव्ही सुधारला नव्हता, तो माझ्या नावावर करून घेतला होता.

पुढचे चार-पाच शनिवार मी सेलूला गेलो ते फक्त रिमोटसाठी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी असा जुना पीसी किंवा कोपरा फुटलेला लॅपटॉप पडून असेल, म्हणून माझे धडपडीचे दिवस सांगतो. तुमचे तेवढे वाचतील.

पहिली कल्पना सगळ्यांनाच सुचते. मोबाइलच रिमोट करायचा. कोडीवाल्यांचंच ‘कोर’ नावाचं अँड्रॉइड ॲप आहे, फुकट आणि एकदम झकास. घरचा वायफाय एक असला की झालं. आईच्या फोनवर टाकून दिलं. पण आई दिवसभर कामाला, तिचा फोन तिच्यासोबत. आजीकडं बटणांचा साधा फोन. म्हणजे दुपारी, जेव्हा टीव्ही खरंच आजीचा असतो, तेव्हा घरात रिमोटच नाही! शिवाय टीव्ही बघताना फोन आला, स्क्रीन लॉक झाली, चार्जिंग संपलं, की आधी फोन निस्तरा. रिमोट घरातच राहिला पाहिजे, कुणाच्या खिशातून गावाला जाता कामा नये. एवढी साधी गोष्ट मला आठवडा घालवून कळली.

मग एअर माऊस आणला. यात जायरोस्कोप असतो, हात फिरवाल तसा पडद्यावर बाण फिरतो. धाकट्या भावाला तो असा काही आवडला की त्यानं रात्रीच्या जेवणाला दांडी मारली. आजीचा हात मात्र थरथरतो. तिच्या हातात बाण एका जागी ठरेना. फोटोवर नेला की निसटे, परत नेला की परत निसटे. ती म्हणाली, ‘हे काय पाखरू धरायचं काम लावलंस रे मला?’

त्या वाक्यावर माझी ट्यूब पेटली. अडचण रिमोटची नव्हतीच, पडद्याची होती. कम्प्युटरचा पडदा दोन प्रकारे चालतो. एकात बाण नेऊन नेमका टेकवायचा, जसा ब्राउझरमध्ये. दुसऱ्यात वर, खाली, डावं, उजवं एवढंच. दाबलं की पुढचा चौकोन उजळतो आणि ओके केलं की उघडतो. दहा फुटांवरून सोफ्यात बसून चालवायला दुसराच प्रकार हवा, आणि कोडी बांधलंय त्याच हिशेबानं. २००२ साली ते एक्सबॉक्स या गेमच्या डब्यासाठी लिहिलं गेलं. हातात गेमिंग पॅड असणार हे धरूनच सगळी मांडणी झाली. नाव कोडी झालं २०१४ मध्ये. म्हणजे आजीला लागणारी बटणं मोजली तर चार दिशा, ओके, मागे, थांबव-चालव, आवाज कमी-जास्त. नऊ! आणि मी तिच्यापुढं अख्खा कीबोर्ड ठेवून आलो होतो.

मग मी कोडी सुरू झालं की सरळ आमचेच फोल्डर दिसतील असं केलं. प्रत्येक फोल्डरमध्ये folder.jpg नावाचा फोटो ठेवला की तोच चित्र म्हणून दिसतो. कीर्तनाच्या फोल्डरला विठोबा, लग्नाच्या फोल्डरला ताई-भावजी, गाण्यांना बाबांचा जुना टेपरेकॉर्डर. वाचायची गरजच संपली. रिमोट शोधायच्या आधी हे करा. नाहीतर दुकानदार दाखवेल तो रिमोट तुम्हाला निकामीच वाटेल.

आता रिमोट बोलतो कसा, तेही बघून घ्या. दुकानात तीन जाती मिळतील. ब्लूटूथवाला, यूएसबीत छोटा डोंगल लावायचा रेडिओवाला आणि आपला जुना इन्फ्रारेडवाला. जुन्या डेस्कटॉपमध्ये बहुधा ब्लूटूथच नसतं, तिथं तो विषय संपला. रेडिओवाल्याला समोरासमोर लागत नाही, कम्प्युटर कपाटात असला तरी चालतो. पण त्याचा डोंगल हरवला की रिमोट खेळणं झालं. आमच्या पाहुण्यांच्या एका पोरानं पेन ड्राइव्ह समजून तो काढूनच घेतला होता. तेव्हा डोंगल मागच्या बाजूला लावा. मात्र निळ्या यूएसबी ३ पोर्टला खेटून नको. त्या पोर्टचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो आणि हे डोंगलही तिथंच बोलतात. रिमोट मधूनच बहिरा झाला तर आधी डोंगल दुसऱ्या पोर्टात घाला किंवा छोट्या एक्स्टेन्शन केबलवर लांब न्या.

‘टीव्हीच्याच रिमोटनं कम्प्युटर चालत नाही का?’ असं बाबांनी विचारलं. प्रश्न भारी होता. एचडीएमआय केबलमध्ये त्यासाठी सीईसी नावाची वेगळी तार असते. टीव्हीनं रिमोटचं बटण ऐकलं की ते केबलमधून पुढं पाठवतो. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक. रास्पबेरी पायवर कोडी टाकलंत तर हे फुकटात मिळतं, आणि मग दुसरं काही घेऊच नका. पण साध्या पीसीच्या ग्राफिक्स कार्डात ही सोय सहसा नसते. आमच्यात नव्हतीच.

उत्तर सापडलं ते आजीच्या उशीखाली. डीटीएच बंद होऊन महिना झाला होता, तरी त्याचा रिमोट तिनं टाकला नव्हता. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, वर दोन रबर. अंधारात, न बघता तिचा अंगठा बरोबर बटणावर जायचा. कितीतरी वर्षांची सवय होती ती. मी नवीन रिमोट शिकवायला निघालो होतो आणि तिला एक आधीच येत होता!

तो होता इन्फ्रारेड. असा रिमोट जिवंत आहे का हे बघायचं तर मोबाइलचा सेल्फी कॅमेरा त्याच्या तोंडासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्याला न दिसणारा प्रकाश स्क्रीनवर जांभळट लुकलुकतो. आता हवा होता तो वाचणारा कान. फ्लर्क नावाची तयार यूएसबी कांडी मिळते. कुठलाही रिमोट शिकते आणि कम्प्युटरला ‘मी कीबोर्ड आहे’ असं सांगते. ज्यांना परवडते त्यांनी तीच घ्यावी. आमचं बजेट मेसच्या बिलात गेलेलं. म्हणून रूम पार्टनरनं, तो इलेक्ट्रॉनिक्सचा, टीएसओपी १७३८ हा तीन पायांचा सेन्सर आणि आर्डुइनो प्रो मायक्रो बोर्ड काढला. रिमोटचा प्रकाश सेकंदाला ३८ हजार वेळा उघडझाप करत येतो आणि हा सेन्सर तेवढाच ऐकतो, ट्यूबलाइटच्या उजेडाला फसत नाही. बोर्ड प्रो मायक्रो किंवा लिओनार्डोच घ्या, कारण त्यांना सरळ यूएसबी कीबोर्ड होता येतं. नेहमीच्या ऊनोला तसं जमत नाही. कोड तीसेक ओळींचा. हे बटण आलं तर वरचा बाण, ते आलं तर एंटर, हे आलं तर बॅकस्पेस. सेन्सर लांब वायरवर घेऊन टीव्हीच्या खाली चिकटवला, कारण कम्प्युटर कपाटात आणि इन्फ्रारेडला समोरासमोर लागतं.

पहिल्या दिवशी फजिती. आजी एकदा दाबायची आणि पडदा तीन घरं पुढं पळायचा. कोड शंभरदा तपासला, चूक सापडेना. मग आजीच्या अंगठ्याकडं बघितलं. ती बटण दाबते ते दाबूनच धरते. बऱ्याच रिमोटमध्ये बटण धरून ठेवलं की ‘अजून दाबलेलंच आहे’ असा इशारा सेकंदाला सुमारे नऊ वेळा जातो. आम्ही प्रत्येक इशाऱ्याला नवीन दाब समजत होतो. आवाजाची दोन बटणं सोडून बाकी सगळीकडं तो इशारा दुर्लक्षित करायला लावला आणि गाडी रुळावर आली. टेबलावर बसून हा दोष कुणालाच सापडला नसता, कारण आम्ही दोघंही टकटक दाबणारे.

एक युक्ती मी मायक्रोसॉफ्टकडून चोरली. २००२ मध्ये त्यांनी विंडोज एक्सपीचं मीडिया सेंटर एडिशन आणलं, त्याच्या रिमोटवर एक हिरवं बटण होतं. कुठंही अडकलात तरी ते दाबा, मीडिया सेंटर समोर हजर. विंडोज १० मध्ये ते सॉफ्टवेअर गेलं, पण कल्पना अजून सोन्यासारखी आहे. आजीच्या रिमोटवरच्या एका बटणाला आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला आणि ते कोडीच्या पहिल्या पानाला जोडलं. ‘काही बी झालं तरी लाल दाब’, एवढाच धडा.

राहिली लाइट. ती जाते, येते, परत जाते, तुम्हाला सांगायला नको. टीव्ही आपोआप लागतो, कम्प्युटर मात्र तसाच निजलेला. बायॉसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते, साधारण ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ अशा नावाची. ती ‘पॉवर ऑन’ केली आणि लॉगिनशिवाय कोडी उघडेल असं ठेवलं. आता भिंतीवरच्या बोर्डाचं बटण खाली केलं की टीव्ही आणि कम्प्युटर दोन्ही लागतात. सेट टॉप बॉक्स असताना आजी हेच करायची.

टचपॅडवाला छोटा कीबोर्ड मी फेकला नाही. बाबांना ब्राउझरवर बातम्या लागतात, भावाला नाव टाइप करून गाणी शोधायची असतात. तो टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये असतो. एकाच रिमोटनं सगळ्या घराला खूश करायचा हट्ट मी सोडून दिला.

त्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी फोन आला नाही. आठ वाजले, साडेआठ वाजले. शेवटी मीच लावला.

‘कीर्तन चालूय बाळा, मागून कर,’ म्हणाली आणि ठेवून दिला.

फोन आता बाबांचा येतो. त्यांना बातम्या लावायच्या असतात आणि आजी रिमोट देत नाही.