भारतीय पायदळातील नवी हलकी मशीनगन : एक विवेचन

प्रस्तावना :
साधारणतः दहा जवानांची ‘सेक्शन’ ही पायदळाची सर्वांत लहान तुकडी होय. तिच्या मारकशक्तीचा मोठा भाग एका हलक्या मशीनगनवर अवलंबून असतो. ही मशीनगन शत्रूला आडोशामागे दडपून ठेवते व तेवढ्या अवधीत इतर जवान पुढे सरकतात. साहजिकच ती बदलण्याचा निर्णय संपूर्ण सेक्शनच्या लढण्याच्या पद्धतीशी निगडित असतो. प्रस्तुत लेखात भारतीय लष्कराने स्वीकारलेल्या ‘नेगेव्ह’ मशीनगनच्या संदर्भात या निर्णयाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
स्वातंत्र्यानंतर दीर्घकाळ भारतीय पायदळात ब्रेन मशीनगन वापरात होती. पुढे तिचे ७.६२ मि.मी. काडतुसासाठी रूपांतर करण्यात आले. १९९० च्या दशकात पुण्याच्या ‘एआरडीई’ या संशोधन संस्थेने विकसित केलेली ५.५६ मि.मी. ‘इन्सास’ शस्त्रमालिका दाखल झाली. रायफल व मशीनगन या दोहोंना एकच काडतूस चालणे, हा तिचा मोठा गुण होय. मात्र ३० गोळ्यांच्या मॅगझीनमुळे मशीनगनच्या माऱ्यात वारंवार खंड पडतो.

‘नेगेव्ह’चा स्वीकार :
१९ मार्च २०२० रोजी संरक्षण मंत्रालयाने ‘इस्रायल वेपन इंडस्ट्रीज’शी १६,४७९ मशीनगनचा ८८० कोटी रुपयांचा करार केला. ही मशीनगन ७.६२×५१ मि.मी. काडतूस वापरते. काडतुसांच्या पट्ट्यामुळे मारा अधिक काळ सलग चालतो व तापलेली नळी झटपट बदलता येते. जड गोळीमुळे पल्ला व आघातशक्ती वाढते.

लाभाचे मोल :
५.५६ मि.मी.च्या एका काडतुसाचे वजन सुमारे १२ ग्रॅम, तर ७.६२×५१ चे सुमारे २४ ग्रॅम असते. म्हणजेच ६०० काडतुसांचा भार सुमारे ७ किलोवरून १४ किलोवर जातो. डोंगराळ मुलुखात हा भार जवानांनाच वाहावा लागतो. शिवाय २०१९ साली करार झालेल्या ‘सिग-७१६’ रायफलला हेच काडतूस चालते. परंतु २०२१ साली करार झालेल्या ‘एके-२०३’चे काडतूस ७.६२×३९ मि.मी.चे आहे. आकडा सारखा दिसला, तरी ही काडतुसे परस्परांच्या जागी वापरता येत नाहीत.

निष्कर्ष :
मशीनगनची निवड ही मुळात काडतुसाची निवड असते. पल्ला वाढवताना गोळ्यांची संख्या घटते अथवा जवानाच्या पाठीवरील ओझे वाढते. म्हणूनच नव्या मशीनगनचे यश तिच्या मारकशक्तीइतकेच सेक्शनमधील भाराच्या वाटणीवर, प्रशिक्षणावर आणि सोबतच्या रायफलच्या निवडीवर अवलंबून राहते.