नावाड्याचें संकेतस्थळ

भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या जलाशयावर, इंदापूर तालुक्यांत भिगवण व कुंभारगांवाकडे, हिंवाळ्यांत रोहित पक्षी उतरतात. तेथील कित्येक मासेमार आतां पाहुण्यांस होडींतून पक्षी दाखवितात. हंगाम थोडक्या महिन्यांचा. आणि पुण्यामुंबईचा छायाचित्रकार नावाडी घरबसल्याच ठरवितो. म्हणून ज्या विद्यार्थ्यांचे वडील या धंद्यांत आहेत, त्यांनीं त्यांस संकेतस्थळ करून द्यावें.

पहिल्याच पानावर नांव, गांव, दूरध्वनि व होडीचा दर असावा. शंभर चित्रें नकोत. दहाच घालावीं, परंतु प्रत्येकाखालीं पक्ष्याचें नांव, महिना, वेळ आणि होडी किती अंतरावर थांबविली, हें लिहावें. पक्षी तर सर्वांचेच! गिऱ्हाईक पारख करितें ती नावाड्याची. पाहुण्याचें चित्र त्याच्या अनुमतीवांचून घेऊं नये. चित्रें आकारानें हलकीं करावीं; पान उघडण्यास वेळ लागला कीं माणूस दुसरीकडे वळतो.

स्थळाच्या नांवाची नोंदणी वडिलांच्याच नांवें करावी व तिची मुदत संपण्यापूर्वीं फी भरावी. नाहींतर तें नांव दुसऱ्याच्या हातीं जाऊं शकतें. २०१४ पासून ‘.भारत’ असें देवनागरी नांवही मिळतें.

हंगाम सरतांच तसें पानावर लिहावें. रोहित नसतां आलेला पाहुणा पुन्हां येत नाहीं.