भात कणगीत भरण्याआधी

कोकणात भात कापणीला येतं तेव्हाच परतीचा पाऊस रेंगाळत असतो. कापलेल्या दाण्यात साधारण २० ते २५ टक्के ओलावा असतो. काही महिने टिकवायचं तर तो १३-१४ टक्क्यांवर आणावा लागतो, बियाण्यासाठी त्याहूनही खाली. २० टक्के ओलाव्याचं १०० किलो भात १३ टक्क्यांपर्यंत वाळलं की ९२ किलो भरतं. उरलेलं आठ किलो नुसतं पाणी असतं, आणि ते राशीत राहिलं की नासाडी सुरू होते. दाणा जिवंत असतो, श्वास घेतो. ओला दाणा जोरात श्वास घेतो, त्यातून ऊब आणि आणखी ओल निर्माण होते. रास आतून तापते, बुरशी धरते. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडतात, आणि ते भात शिजवल्याने जात नाही.

फसगत होते ती पहिल्या दिवशीच्या उन्हात. संध्याकाळी भात हाताला खडखडीत लागतं, पण वाळलेलं असतं फक्त तूस. गाभा ओलाच असतो. म्हणून अंगणात ताडपत्रीवर दोन-तीन बोटं जाडीचा थर पसरावा, अर्ध्या-पाऊण तासाने हलवावा आणि दव पडण्याआधी गोळा करून झाकावा. रात्रीत गाभ्यातली ओल बाहेरच्या थराकडे सरकते, दुसऱ्या दिवशीचं ऊन तिला काढून नेतं. भर दुपारच्या कडक उन्हात घाईने वाळवलेल्या दाण्याला आत चिरा पडतात. वाळलेला दाणा पुन्हा दवात भिजला तरी तेच होतं. गिरणीत मग तांदळापेक्षा कणीच जास्त निघते.

वाळलं की नाही हे घरीच बघता येतं. मीठ तव्यावर भाजून गार करावं, कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर भातासोबत घालून हलवावं आणि थोडा वेळ ठेवावं. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. आणखी एक-दोन उन्हं हवीत.

एवढं करून भात शेणाने सारवलेल्या बांबूच्या कणगीत भरलं तर ते उन्हाळाभर उत्तम राहतं. पावसाळ्यात मात्र दमट हवा आत शिरते आणि दाणा ती ओल परत ओढून घेतो. जूननंतरचा साठा म्हणूनच हवाबंद पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवावा, भिंतीपासून दूर, फळ्यांवर. हवाबंद पिशवीत किडे आतला प्राणवायू संपवतात आणि गुदमरून मरतात. सोलापूर-मराठवाड्यातल्या ज्वारीच्या पेवांतही हेच घडत असे. त्यामुळेच नुकतं उघडलेल्या पेवात कुणी लगेच उतरत नसे.

ओल गेली की सोंड्यांचा जोरही बराच ओसरतो. तरीही किडे दिसले म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात ठेवू नका. त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. भात पुन्हा उन्हात घाला, चाळा आणि मगच भरा.