ग्लासभर बेरियमचा हिशेब

पोटाचा विशिष्ट एक्स-रे काढण्याआधी रुग्णाला पांढरा, दाट द्रव पाजतात. हेच ते ‘बेरियम मील’. बेरियम क्ष-किरणांना अडवते, म्हणून जठराची कडा फिल्मवर ठळक उमटते. पण बेरियमचे आयन विषारी. ते रक्तात गेले की तिथले पोटॅशियम घटते, स्नायू लुळे पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात. तरीही हा ग्लास बिनधोक, कारण त्यात असते बेरियम सल्फेट, आणि ते विरघळतच नाही म्हटले तरी चालेल.

‘विरघळत नाही’ म्हणजे नेमके किती, हे मोजता येते. वाल्टर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडलेला विद्राव्यता गुणाकार त्यासाठीच आहे. संपृक्त द्रावणातल्या बेरियम आणि सल्फेट आयनांच्या संहतींचा गुणाकार २५ अंश सेल्सिअसला ठरलेला असतो: १.१ भागिले एक हजार कोटी. दोन्ही आयन सारख्याच संख्येने सुटतात, म्हणून वर्गमूळ काढायचे. लिटरमागे साधारण एक लाखांश मोल, म्हणजे जेमतेम २.४ मिलिग्रॅम.

आता बेरियम कार्बोनेट घ्या. याच पद्धतीने त्याचे उत्तर येते सुमारे १० मिलिग्रॅम. चौपट, पण तेही किरकोळच वाटते. खरी मेख इथेच आहे. हा हिशेब शुद्ध पाण्याचा. जठरात असते हायड्रोक्लोरिक आम्ल. आम्ल कार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड करून टाकते. कार्बोनेट आयन उरतच नाहीत, गुणाकार भरत नाही आणि घन पदार्थ विरघळतच राहतो. लिटरमागे ०.१ मोल आम्ल असेल तर सुमारे १० ग्रॅम बेरियम कार्बोनेट त्यात विरघळू शकते: मिलिग्रॅमचे थेट ग्रॅम! त्याच आम्लात सल्फेटची विद्राव्यता फार तर तिपटीने वाढते, कारण सल्फेट आयन हायड्रोजनला सहजी धरत नाही.

बेरियम कार्बोनेट उंदीर मारायला वापरले जाई, ते यामुळेच. २००३ मध्ये ब्राझीलमध्ये एक्स-रेसाठीच्या बेरियम सल्फेटमध्ये कार्बोनेट राहून गेले होते. ते प्यायलेल्यांपैकी काही रुग्ण दगावले. म्हणून विद्यार्थ्यांना नुसते वर्गमूळ शिकवून थांबणे मला अपुरे वाटते. द्रावणात आणखी काय आहे, हा प्रश्न आकडेमोडीच्या आधी यायला हवा.

उलट दिशेनेही हाच नियम चालतो. द्रावणात लिटरमागे ०.१ मोल सल्फेट आधीच असेल, तर बेरियम सल्फेटची विद्राव्यता सुमारे दहा हजार पटींनी घटते. बेरियमची विषबाधा झालेल्याला सोडियम किंवा मॅग्नेशियम सल्फेट तोंडावाटे देतात, ते याच आधारावर: आतड्यातले बेरियम रक्तात जाण्याआधीच साका होऊन खाली बसते.